गोजराचा धवला

...नाय गो उन्नती, त्या थायरॉईडचं तुझं तू लिव, मला ते नाव बोलता येत नाय. मी गोजराचं सांगते, माझ्या धाकट्या जावेचं. सकाळी मार्केटात कोळंबी विकायची, आनि गावात कोनाची बी हळद असू दे, धवला हिचाच. तिनं लग्नाचं गानं धरल्याबिगर नवरीला कोन हळद लावत नव्हतं. तिचं एकच मागनं, नातवाच्या, मितेशच्या हळदीला गायचं.

मग गळ्याला गाठ आली. डॉक्टर बोलला, काढायला लागेल. आवाजाची नस बाजूलाच हाय, आवाज बसेल, एखाद्याचा कायमचा बी बसतो. झालं, हिनं "मितेशचं लगीन होऊ दे" करत वरीस काढलं. आडवी पडली का श्वास कोंडायचा, तवा कुठं ऑपरेशनला गेली.

शुद्धीवर आली तवा मी बाजूलाच. गळ्याला पट्टी, तिथून नळी, नळीतनं लाल पानी. पेजेचा घोट बी उतरंना. मी बोलले, "गोजरे, शिवी तरी दे गो." नुसता वारा आला.

नर्स बोलली, "आजी, आवाज यायला महिने लागतात."

तिसऱ्या दिवशी घरी. एक गोळी जन्मभर, सकाळी उपाशीपोटी. दुसरी कॅल्शियमची. शेजारची शेवंताबाई येऊन बोलली, "गोळ्या गरम असतात, गळा सुकवतात." आवाजाच्या आशेनं हिनं दोन्ही बंद केल्या. मला सांगितलं नाय.

पंधरा दिवसांनी मार्केटात बसली. बोटांना मुंग्या. घोगऱ्या आवाजात बोलते, "चाळीस वर्सं बर्फात हात हाय, मुंग्या येनारच." दुसऱ्या दिवशी ओठाला बी. मी बोलले, "ओठ कवा घातलेस बर्फात?" हसली. मी बी हसले गो. मी बी हसले.

तिसऱ्या दिवशी कोळंबी सोलता सोलता हात वाकडा झाला, बोटं उघडंनात. रिक्षात घालून नेली, सलाईनमधून कॅल्शियम दिलं तवा हात सुटला. गोळ्या बंद केल्याचं तवा कळलं, डॉक्टर लय चिडला. बोलला, गोळ्यांचा आवाजाशी काय संबंध नाय, त्या अशाच बंद ठेवल्या असत्या तर जीव गेला असता.

जीव राहिला. गायचा आवाज नाय आला. आठ महिन्यांनी मितेशची हळद. बायका हळदीची वाटी घेऊन हिच्याकडं बघत थांबल्या. हिनं तोंड उघडलं, अर्धी ओळ फाटून गेली. मग बाकीच्यांनी धरलं. ही नुसते ओठ हलवत बसली, शेवटपर्यंत. उठली नाय.

आता गिऱ्हाईकाला टाळी वाजवून बोलावते.

उद्या तुझी स्नेहल आत्या वाशीला भरती होतेय ना, त्याच गाठीसाठी? तिला आताच फोन लाव. सांग, आवाजाचं काय ते डॉक्टरला आधीच विचार, पन ऑपरेशन लांबवू नको. गोळी कोनाच्या सांगन्यावरून बंद करू नको. बोटांना, ओठांना मुंग्या आल्या तर त्याच घडीला दवाखाना गाठ. आनि हे गोजरानं सांगितलंय म्हन. माझं ती ऐकत नाय.