पोशीरचा काळोख

पोशीरमध्ये नामाला सगळे लाईटवाला नामा म्हणतात. ग्रामपंचायतीचे रस्त्यावरचे दिवे लावायचे नि बंद करायचे, हे त्याचं काम. अंगात ताप असो की दारात पाहुणे, दिवेलागणीला हा गडी देवळामागच्या बटणापाशी हजर! गाव अंधारात राहिलं तर आपली लाज गेली, असं मानणारा माणूस.

आणि त्याच नामाने गेल्या डिसेंबरात घरोघर फिरून अंधार मागितला.

झालं असं, की गावाशेजारच्या विज्ञान विद्यापीठात व्याख्यानांचा आठवडा होता. शेवटच्या संध्याकाळी मोठ्या दुर्बिणीतून शनी दाखवणार होते. तिथल्या ईशानी मॅडम, मूळच्या कर्जतच्या, स्वतः नामाच्या ओटीवर येऊन चहा प्यायल्या. "नामाकाका, गावातल्या उजेडामुळे आकाश नीट दिसत नाही हो. तेवढी एक संध्याकाळ दिवे बंद ठेवाल? शनीची कडी आधी पोशीरकरांना दाखवीन. माझा शब्द."

नामा विरघळलाच. सगळं गाव कबूल झालं, अडली ती त्याची भावजय आवडी. तिच्या ऋतिकाची हळद नेमकी त्याच संध्याकाळी!

"भावजी, हळदीला काळोख? येड लागलं काय तुमाला? आणि शनी! लग्नघरात त्याचं नाव तरी घ्यावं काय?"

"वयनी, मी शब्द दिलाय गं. पोरीला पन बघायला मिळंल."

शेवटी आवडीने हळद दुपारीच उरकली. डीजेवाल्याला नको म्हणून कळवलं, मांडवातली दिव्यांची माळसुद्धा बंद ठेवली.

त्या संध्याकाळी गाव काळंकुट्ट झालं. नटूनथटून सगळे विद्यापीठाच्या फाटकाशी पोचले. हळद लागलेल्या पोरीने उंबरा ओलांडायचा नसतो, तरी ऋतिका काकाच्या शब्दावर आली होती.

रखवालदाराने हात आडवा धरला. "पास?"

"आमी पोशीरचे. ईशानी मॅडमना इचारा."

"त्यांनीच काल सांगितलंय. मुंबईचे पाहुणे आलेत, गावातलं कुणी आत सोडायचं नाही."

काल! अहो, आज सकाळीच बाईंनी फोन करून विचारलं होतं, "काका, दिवे नक्की बंद राहतील ना?" काय तो गोड आवाज! बोलवायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं. आत दुर्बिणीपाशी रांग लागली होती, हसण्याखिदळण्याचे आवाज बाहेरपर्यंत येत होते.

"माझी हळदीची पोर उंबऱ्याबाहेर काढलीत, भावजी," एवढंच आवडी म्हणाली. ऋतिकाचा हात धरून ती वळली. तिच्या मागोमाग सगळे वळले.

नामा तडक देवळामागे गेला आणि त्याने रस्त्याचे सगळे दिवे लावले. तिथून आवडीच्या मांडवात येऊन माळेची पिन लावत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"काका, अहो दिवे! पाहुण्यांना काही दिसत नाहीये!"

"मॅडम, तो काळोख आमच्या गावाचा व्हता," नामा म्हणाला. "गाव घरी परत आलंय."

फोन ठेवून त्याने माळ लावली. मांडव लखलखला. "वयनी, लाईट लावली गं. डीजेवाल्याला पन बोलावतो," त्याने हाक मारली. मग पुन्हा मारली.

आवडीने दार उघडलं नाही.