भरलेला ड्रम

उधारी मागायला गेलेल्या माणसानं त्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा आमच्या वडिलांचा दंडक होता. पाणी प्यालं की माणूस मिंधा होतो आणि मग पैशाचा शब्द तोंडातून निघत नाही. म्हणून मी कुणाच्याही दारात सायकल उभी करायचो आणि फाटकाबाहेरूनच हाक मारायचो. लातूरच्या उन्हात टाळू तापायची, समोर तांब्या यायचा, आणि मी म्हणायचो, ‘आत्ताच पिऊन आलो.’ मला तर खात्रीच होती की लोक आमचा दंडक ओळखून असतात आणि मुद्दाम तांब्या पुढं करतात.

मी पत्र्याचे ड्रम, बादल्या, घमेली बनवायचो. नवा जिल्हा झाला तेव्हा गावाला अंगावरचा सदरा एका रात्रीत तोकडा पडल्यासारखं झालं. कचेऱ्या आल्या, कारकून आले, खोल्यांची भाडी दुप्पट झाली. त्यातच पाऊस रुसला, नळ आठ दिवसांनी यायला लागला आणि जो तो ड्रम मागायला लागला. मी रात्रंदिवस ठोकत होतो. माल जात होता, पैसा मात्र येत नव्हता. सगळे नवखे भाडेकरू. कुणाचं मूळ गाव कुठलं, बदली कधी होणार, काही पत्ता नाही. उद्या हातावर तुरी देऊन गेले तर मी कुणाच्या नावानं बोंब मारायची? दुकानासमोरून बिऱ्हाडाचा ट्रक गेला की त्यात माझा ड्रम दिसतोय का हे मी आधी बघायचो.

भोकरकडून बदलून आलेला एक कारकून होता. उन्हाळ्याच्या तोंडालाच मोठा ड्रम उधारीवर घेऊन गेला. पुढं दर रविवारी एकच गाणं.

‘हाव आप्पा, पगार व्हायलाच लागला. कागद फिरून राहिले.’

‘पैसे नसतील तर ड्रम द्या, भाऊसाहेब.’

मग त्याची बायको पुढं यायची. ‘भरलेला हाय हो आप्पा. आता पाणी कुठं टाकावं? रिकामा झाला की न्या.’ आणि माझ्या देखत ड्रममध्ये तांब्या बुडवायची. फाटकातून मला काठोकाठ पाणी चमकताना दिसायचं. दुष्काळात पाणी ओतून द्या म्हणायची छाती कुणाची? मी परत फिरायचो.

पण वाटेनं डोकं चालायचं. माझ्या घरी चौथ्या दिवशी घागरी पालथ्या पडतात आणि याचा ड्रम दर रविवारी भरलेला? कुठंतरी पाणी मुरतंय. टँकरवाल्याशी याचं संधान असणार. टँकरवाल्याला द्यायला पैसे आहेत, मला द्यायला नाहीत. रागानं मला रात्री जेवण जायचं नाही.

अशात नांदेडच्या पत्र्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला: सोमवारपर्यंत थकलेल्यातलं निम्मं तरी भरा, नाहीतर पत्रा बंद. पत्रा बंद म्हणजे दुकानाला कुलूप. आणि हंगाम तर हाच होता. एक गिऱ्हाईक मात्र जुना ड्रमही रोख घ्यायला तयार होतं. रविवारी मी हातगाडी घेऊनच गेलो. पाणी असेल तर तुमच्याच भांड्यांत भरून देतो म्हणालो आणि पहिल्यांदा फाटक ओलांडून आत शिरलो.

‘आप्पा, थांबा की!’ बाई आडवी आली. तोवर माझा हात ड्रमवर पडला होता. भरलेला ड्रम बद्द वाजतो. हा खणखणला.

ड्रमच्या तोंडात एक मोठं पातेलं काठावर अडकवून बसवलेलं होतं. पाणी होतं ते पातेल्यात. खाली सगळा ठणठणाट.

‘मला येडा समजता व्हय?’ मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. टँकरचं नसेना का, पण हा मला फसवतोय हा इतक्या दिवसांचा संशय खरा ठरला होता.

कारकुनाच्या बायकोनं पातेलं उचललं, आतलं पाणी घागरीत ओतलं आणि ड्रम आडवा केला. बुडाच्या सांध्याला वीतभर काळी रेघ होती. तिथं कथलाची झाळच बसली नव्हती. तो सांधा मीच केला होता, घाईत, कथील वाचवत.

‘आणला त्याच रात्री गळाला,’ ती म्हणाली. ‘आठ दिवसाचं पाणी सकाळी अंगणात. तवापासनं न्हाई भरला.’

‘मग सांगायचं न्हाई का मला?’

कारकून पुढं झाला. ‘कोणत्या तोंडानं सांगू आप्पा? उधारीवर नेलेला माल. पैसे द्यायचे न्हाईत म्हणून खोट काढून राहिला, असंच म्हणाले असते तुम्ही. आन् रिकामा दिसला तर उचलून न्याल, सारी गल्ली बघल.’

मी तसंच म्हणालो असतो. ते त्याला ठाऊक होतं, याचीच मला जास्त लाज वाटली.

हातगाडीवर ड्रम घातला, पण गिऱ्हाइकाकडं नाही नेला. दुकानात नेऊन झाळला आणि संध्याकाळी कारकुनाच्या घरी पोचता केला. पैशाचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. सोमवारी नांदेडचा पत्रा बंद झाला.

त्या उन्हाळ्यात रोखीनं ड्रम नेलेले सात-आठजण गळका सांधा घेऊन दुकानात भांडायला आले होते. त्यांना मी कटकटे म्हणायचो. उधारीवर चाळीसेक ड्रम गेले होते, आणि त्यातला एकही माणूस तक्रार घेऊन आला नव्हता. मंगळवारी मी शेगडी, कथील आणि झाळणी सायकलला बांधली आणि उधारीची वही घेऊन पहिल्या नावाच्या दारात गेलो. मला बघताच घरातल्या बाईनं लगबगीनं ड्रमवर झाकण ठेवलं.