फुलदाणीच्या तळाचा डाग

सात वर्षांत शिवकन्याच्या हातून एकही फुलदाणी फुटली नव्हती. कळमनुरीत उकंडरावांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथल्या काचेच्या फुलदाण्या हैदराबादचे शौकीन घेऊन जातात. बोअरच्या पाण्याने आत पांढरा थर धरलेला असतो आणि तळाशी कुजलेल्या देठांचे डाग. शिवकन्या त्या साफ करायला घरी आणायची आणि कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून दोन दिवस भिजवायची. मग मूठभर तांदूळ टाकून हलकेच हिंदकळवायची.

मार्चमध्ये उकंडराव एक निळी फुलदाणी घेऊन घरी आले.

"उद्या सकाळी पायजे बाई. गिऱ्हाईक येऊन राहिलं."

"दोन दिस लागतात मालक. तुमाला काय नवीन हाय व्हय?"

"जमत न्हाई तर सांग. तुमच्या गल्लीतली संगिता रोज दुकानात चकरा मारून राहिली."

शिवकन्याने फुलदाणी ठेवून घेतली.

दुपारी ती नहाणीत शिरली. शेळ्या आत घुसतात म्हणून कडी लावली. संडास धुवायचं ॲसिड फुलदाणीत ओतलं. पांढरा थर फसफसत सुटला. तळाचा तपकिरी डाग मात्र हलेना. कोपऱ्यात ब्लीचिंग पावडर होती. पिण्याच्या पाण्यात टाकतात ती, तिला काय भ्यायचं? ॲसिड आत असतानाच तिने दोन चमचे पावडर सोडली.

पिवळट धूर वर आला. पहिल्याच श्वासाला छाती आवळली. कडी हाताच्या अंतरावर होती. पण हातात फुलदाणी होती, ओली, निसरडी. तिने आधी टॉवेल अंथरला. त्यावर फुलदाणी नीट टेकवली. मग कडी चाचपली. तोवर डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

सासूने, मंजुळाबाईंनी, खोकला ऐकून दार तोडलं.

अठरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात गेले. आता शिवकन्या बसूनच झोपते. आडवं झालं की श्वास लागतो. फुलदाणी उकंडरावांनी दुसऱ्या दिवशी नेली. काच कशी लख्ख निघाली, ते येईल त्याला सांगतात.

ते ऐकूनच संगिता आली.

"वैनी, एका दिसात कसं काढलं वो तुमी?"

"दोनी... एका जागी... न्हाई टाकायचं." शिवकन्या दम घेत बोलली. "लिंबूसत्व. दोन दिस."

संगिताने मांडीवरची पिशवी सावरली. आत कागदात गुंडाळलेलं काहीतरी उभट होतं.

"दोन दिस कुठले वैनी. मालकाला उद्याच पायजे."

शिवकन्याने तिचं मनगट धरलं. संगिता उठायला लागली तरी सोडलं नाही.