शेरेवाल्या बाईंचं अक्षर

त्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'शेरेवाल्या बाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. इतर शिक्षक निबंधाखाली 'बरा', 'ठीक' असं काहीतरी खरडून तिरकी सही ठोकायचे आणि मोकळे व्हायचे. बाईंचा शेरा मात्र चांगला पाच-सहा ओळींचा, लाल शाईत, टपोऱ्या अक्षरात. एकाला लिहीत, 'तुझा कुत्रा तिसऱ्या परिच्छेदात हरवला आहे, त्याला शोधून आण.' दुसऱ्याला, 'सूर्य उगवायला तू अर्धं पान घेतलंस, तो रोज एवढा आळस करत नाही.' वही हातात पडली की मुलं आधी शेवटचं पान उघडायची. बाईंना या गोष्टीचा थोडा गर्व होता. थोडा कशाला, चांगलाच होता.

आठवीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं. मुलगी लिहायची झकास, पण बोलताना शब्द घशात अडकायचा. पाचवीत असताना ती निबंध वाचायला म्हणून उभी राहिली आणि पहिल्याच शब्दावर थांबली. तेव्हा बाईंनी हलकेच तिच्या हातातली वही काढून घेतली आणि स्वतः निबंध वाचून दाखवला. नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू लिहीत जा, मी वाचत जाईन. ठरलं?" तिने मान डोलावली. तीन वर्षं दोघींनी तो शब्द पाळला.

यंदा संगणकाच्या सरांनी एका शनिवारी सगळ्या शिक्षकांना बसवून कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन शिकवलं. बाई हाताची घडी घालून गेल्या आणि डोळे विस्फारून परतल्या. एकाच धड्यावर सोपे, मधले आणि अवघड असे तीन तऱ्हेचे प्रश्न चुटकीसरशी तयार! कच्च्या मुलांसाठी तोच उतारा साध्या वाक्यांत! गेली वीस वर्षं ज्यासाठी रविवार जायचे ते काम चहा निवायच्या आत होत होतं. सरांनी दोन गोष्टी मात्र तीन-तीनदा बजावल्या होत्या. "मुलांची नावं त्यात घालू नका, आणि जे येईल ते नीट वाचल्याशिवाय वर्गात नेऊ नका." बाईंनी ते डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. लिहून घेतलं की पाळल्यासारखंच वाटतं, हा शिक्षकांचा जुना रोग.

मग मनगट दुखायला लागलं. सेहेचाळीस वह्या, वर अहवालांचे तक्ते. बाईंनी आपलेच जुने शेरे त्या साधनाला दाखवले, निबंधांचे फोटो घातले आणि म्हटलं, असं लिही. त्याने बाईंचा सूर हुबेहूब उचलला, अगदी खोचकपणासकट. पहिल्या आठवड्यात बाईंनी निम्मं बदललं. दुसऱ्या आठवड्यात एखादा शब्द. पुढे पुढे फोन टेबलावर उभा असायचा, कानातल्या इअरफोनवर बहिणीच्या गप्पा चालू असायच्या आणि हात लाल शाईत उतरवून काढायचा. दुसऱ्याचं बघून लिहिणाऱ्या मुलांना ज्यांनी जन्मभर बाकावर उभं केलं, त्या बाई आता स्वतः बघून लिहीत होत्या. मुलांना काही कळलं नाही, कारण अक्षर बाईंचंच होतं.

'माझ्या घरातली एक जागा' हा निबंध तपासून दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तास सुरू झाला आणि खिडकीजवळची मुलगी हात वर न करताच उठली आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. वही तिने दोन्ही हातांनी धरली होती. केस जास्तच चापून बांधले होते.

"प... प... पा..."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मुलीची मान लाल झाली, पण ती खाली बसेना. पुन्हा "पा..." म्हणाली आणि पुन्हा थांबली.

बाईंची तारांबळ उडाली. "अगं, बस खाली. तुला कोणी सांगितलं वाचायला?"

मुलीने वही त्यांच्यापुढे धरली. निबंधाखाली लाल शाईत, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हा निबंध नुसता डोळ्यांनी वाचायचा नाही. उद्या वर्गासमोर उभी राहून वाच. मला तुझा आवाज ऐकायचा आहे.'

बाईंना ते लिहिल्याचं आठवेना. कसं आठवणार, लिहिताना बहिणीच्या सुनेची गाऱ्हाणी चालू होती. "हो हो, मीच लिहिलं, विसरलेच बघ," असं म्हणून त्यांनी वही जवळजवळ ओढूनच घेतली आणि 'पायऱ्यांच्या वळणावरची आमची खिडकी' अशी सुरुवात असलेला तो निबंध स्वतः घाईघाईने वाचून टाकला. मुलगी जागेवर जाऊन बसली. पुढचा सगळा तास ती खिडकीबाहेर बघत होती.

रात्री बाई नवऱ्याबरोबर जेवायला बसल्या. नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पण ते मी लिहिलंच नव्हतं हो."

"सुटा भाग कंपनीचा असतो," तो भाजी वाढून घेत म्हणाला, "पण घड्याळ बंद पडलं की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. कंपनीकडे कशाला जाईल?"

बाईंना राग आला, कारण ते बरोबर होतं.

दोन दिवसांनी मुलीची आई शाळेत आली. आता बोलणी खायची, म्हणून बाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. पण आईने त्यांचे हात हातात घेतले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? आजवर पोरीला जो तो गप्प बस म्हणाला. मीसुद्धा. दुकानात गिऱ्हाईक आलं की मीच पुढे होते. पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, तुझा आवाज ऐकायचाय म्हणून. त्या दिवशी संध्याकाळभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून मला वाचून दाखवत होती. नाही जमलं वर्गात, असू दे. अजून रोज वाचते."

सांगावं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्या म्हणाल्या, "हुशार आहे हो ती." आई डोळे पुसत गेली. आपली नसलेली माया आपल्या नावावर जमा करून घेतली, याची बाईंना इतकी लाज वाटली, की शिक्षकांच्या खोलीत कुणाशी नजर मिळवता येईना. बरं, खरं सांगावं तर मुलीने ज्या तीन ओळींवर एवढा जीव लावला त्याच हिसकावून घ्यायच्या. न सांगावं तर ती रोज एका खोट्याला वाचून दाखवणार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी मुलीला रिकाम्या वर्गात थांबवून घेतलं आणि सगळं सांगितलं. फोटो, फोन, उतरवून काढणं, सगळं. "मी न वाचताच लिहिलं गं. आणि वर सगळ्यांसमोर तुलाच ओरडले. माझं चुकलं."

मुलीने बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने तोंड उघडलं. बाई सवयीने तिचं वाक्य पुरं करणार होत्या, पण त्यांनी जीभ चावली.

"म... मग तुम्हाला क... काय वाटतं, बाई? मी वाचू शकते?"

त्या यंत्राला ही मुलगी अडखळते हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने तिला वाच म्हटलं. बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. वही काढून घेतली, की आपण भलं केलं असं त्यांना वाटायचं. शेरा उसना होता, ही चूक लहान होती. मोठी चूक पाचवीपासूनची होती, आणि ती संपूर्णपणे त्यांची स्वतःची होती.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी कधी थांबलेच नाही ऐकायला."

मुलीने दप्तरातून वही काढली, तोच निबंध उघडला आणि त्या तीन ओळींवर बोट ठेवलं.

"हे ख... खोडा. आणि तुमचं लिहा."

बाईंनी ओळी खोडल्या. खाली पेन टेकवलं. पहिला शब्द येईना. शाईचा एक ठिपका कागदावर पसरत गेला. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली.

मुलगी शेजारीच उभी होती. तिने बाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं नाही.