फिलूची बुटकी खुर्ची

फिलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही, असं तिची जाऊ म्हणाली. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर हिचं मरणसुद्धा कसं सगळ्यांच्या कौतुकाचं! पोरांना झोपवणारी बाई झोपेतच गेली. उमेळ्याच्या चर्चमध्ये मिस्साला एवढी गर्दी होती, की मला भिंतीशी उभं राहावं लागलं. बालवाडीतली मुलं आईबापांच्या कडेवर होती, आणि त्यातली निम्मी माझ्या वर्गातली...

माणिकपूरच्या आमच्या बालवाडीत आम्ही दोघी एकदमच लागलो. शिक्षण सारखं, पगार सारखा. तिचं घर उमेळ्यात वाडीतलं, मी कराडहून लग्न होऊन इथं फ्लॅटमध्ये आलेली. दोन वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत. नोकरदारांची मुलं संध्याकाळपर्यंत असायची, त्यामुळे जेवणानंतर त्यांना झोपवणं हे आमचं रोजचं काम. प्रवेशाच्या दिवशी फिलू आयांना एकच गोष्ट विचारायची, की घरी याला झोपवताना काय म्हणता? बाया लाजायच्या, मग हळूच म्हणून दाखवायच्या. कुणी भोजपुरी, कुणी मालवणी. एका घरी झोपताना दुआ म्हणत. एका तमिळ बाबांनी तर नुसती शीळ वाजवली. फिलू ते सगळं शिकून घ्यायची, आणि दुपारी त्या त्या पोराशेजारी आपल्या बुटक्या खुर्चीत बसून त्याचं त्याला ऐकवायची. शीळसुद्धा!

मला ते पटायचं नाही. घरचं घरी, शाळेत सगळ्यांना एकच अंगाई, असं माझं मत. तिला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "सुलभा, घरचा आवाज दाराबाहेर ठेवला, तर पोर आत येतं का गं? नुसतं दप्तर येतं." मग लगेच विचारलं, "तुझी आई काय म्हणायची?" मी म्हटलं, काहीतरी आपलं, आणि विषय बदलला. माझ्या वर्गात हुंदके चाललेले आणि प्लायपलीकडे सामसूम, हे वर्षानुवर्षं ऐकून माझा जीव जळायचा. माझी नात तिच्या वर्गात गेली, तेव्हा तर कहर झाला. एका रविवारी मी तिला थोपटत होते, तर म्हणते, "असं नाही आजी, फिलू टीचरसारखं." आणि फिलूकडून ऐकलेलं गुजराती हालरडं, म्हणजे अंगाई, मला म्हणून दाखवलं. ते माझ्या सुनेचंच, तिच्या माहेरचं. सून स्वयंपाकघरातून ऐकत उभी होती. तिचा चेहरा तेव्हा जसा खुलला, तसा माझ्यासाठी कधी खुलला नव्हता.

आता प्लाय काढून दोन्ही वर्ग माझ्याकडे दिलेत. पहिल्या दुपारी फिलूच्या बुटक्या खुर्चीत बसले आणि वाट पाहिली, की आता तरी मुलं माझ्याकडे येतील. कोण येतंय! तिची मुलं एकमेकांनाच झोपवत होती. उमेळ्याचा जोएल भोजपुरी गात खुशबूला थोपटत होता आणि माझ्या वर्गातली पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. मग खुशबूच उठून माझ्या गुडघ्याशी आली.

"टीचर, आपकी मम्मी क्या गाती थी?"

मी गायले. दुसरं कडवं आठवेना, पण आईचं कराडकडचं गाणं गायले. मुलं झोपली नाहीत, ऐकत राहिली.

परवा एक नवं पोर आलं, आईसाठी रडून लाल झालेलं. खुशबूनं त्याला मांडीवर घेतलं आणि माझ्या आईचं गाणं म्हटलं, भोजपुरी हेल काढून. ते पोर झोपलं. गाणं माझं होतं, पण थोपटत होती ती फिलूसारखी, सावकाश, मधेच थांबून... मला फिलूचा इतका हेवा वाटला, की त्या बुटक्या खुर्चीतून बराच वेळ उठवेना.