रशीदभाईंच्या दुकानातली व्हायोलिनं

दोन-चार माणसं दर आठवड्याला एका जागी बसली की किस्से न बोलावता जमतात. आमचे किस्से आठवले की हसू कमी येतं, डोकंच जास्त तापतं.

दारव्ह्याला रशीदभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. शुक्रवारची नमाज आटोपली की मी, म्हणजे एसटीचा कंडक्टर, आणि तांड्यावरचे शेतकरी बळीरामभाऊ तिथं हजर. एका सिनेसंगीतकाराच्या मोठ्या वाद्यवृंदाच्या टेपा आम्ही ऐकायचो. गाणी नाहीत, नुसतं पार्श्वसंगीत. एकदा एका गिऱ्हाइकानं मिक्सर दुरुस्त होईस्तोवर अख्खी बाजू ऐकली आणि विचारलं, गाणं कधी सुरू होते?

रशीदभाई म्हणाले, "संपलं ना भाऊ. आत्ताच संपलं."

*

यवतमाळचा एक शौकीन त्याच संगीताची सीडी घेऊन आला. दोन मिनिटांत बळीरामभाऊ उठले. "हे नकली आहे. वाजवनाऱ्याइले घरी जायची घाई झाली!" आम्हीही माना डोलावल्या. बिचारा तोंड पाडून गेला.

मग रशीदभाईंनी आमचा टेपडेक उघडला. पट्टा सैल पडलेला. वर्षानुवर्षं आम्हीच सगळं संथ ऐकत होतो! नवा पट्टा टाकला, तर कुणालाच करमेना. पुढच्या शुक्रवारी रशीदभाईंनी गुपचूप जुना पट्टा परत चढवला.

*

कापसाची ती वाईट वर्षं. जिल्ह्यात रोज कुणीतरी आमचं दुःख बघायला यायचं. असेच एक साहेब दुकानात डोकावले. अशा दिवसांत तुम्हाला संगीत सुचतं तरी कसं, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, तुमच्या गाडीत मंग काय वाजून राह्यलं?"

बाहेर त्यांचा ड्रायव्हर दार उघडं टाकून फिल्मी गाणी ऐकत होता.

*

पण खरा संताप पुढचा. टीव्हीवाले आले, तेव्हा टेप ऐन रंगात होती. एका जागी सगळी व्हायोलिनं एकदम उठतात, आणि तिथं बळीरामभाऊंच्या डोळ्यांतून पाणी यायचंच. नेमकं तेच कॅमेऱ्यात घेतलं. संध्याकाळी बातम्यांत बघतो तर आमची टेप गायब, वर रडकी बासरी, आणि खाली पट्टी: हताश शेतकरी! अरे, त्यांचा कापूस वाळला होता हे खरं. पण ते पाणी कापसाचं नव्हतं. माणसाला न विचारता त्याचं रडणं कशाचं ते ठरवणारे तुम्ही कोण? आजही सांगताना माझ्या मुठी आवळतात.

दुसऱ्या दिवशी बळीरामभाऊंची लेक कमल, ती बातमी बघून, सासरहून, नेरहून जीपनं धावत आली. तिनं आधी घरातला फवारणीच्या विषाचा डबा उचलून शेजारी नेऊन ठेवला. बापाला वावरातसुद्धा एकटं जाऊ देईना. तो बाजा ऐकून रडलो, हे भाऊंनी शपथेवर सांगितलं.

"बाजा ऐकून कोनी रडते काय, बा?" ती म्हणाली. भाऊंचे शुक्रवार बंद झाले. घरात बसून माणूस सुकायला लागला.

शेवटी एका शुक्रवारी तेच तिला दुकानात घेऊन आले. ती दाराशी स्टुलावर बसली, नजर बापावर. रशीदभाईंनी टेप लावली. ती जागा आली. व्हायोलिनं उठली. भाऊंचे डोळे भरले, आणि कमलनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते तिचे.

बळीरामभाऊंनी बाजू संपू दिली. मग म्हणाले, "आता तुले एकटीले नेरले कशी जाऊ देऊ?"