तारेला न लागलेला गज

चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरलेल्या माणसाला बाहेर पडेपर्यंत एकच प्रश्न पन्नासदा ऐकावा लागायचा. "हे बरं, की हे?" गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि मग एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची. "आधीचं बरं, की आत्ताचं? नीट बघा, घाई नाही." माणूस वैतागून "दोन्ही सारखंच" म्हणाला की चष्मेवाले खूश. अजून चार काचा लावून बघायला निमित्त मिळायचं. आपल्या मनानं कुणाच्या डोळ्यावर नंबर लादायचा नाही, हा त्यांचा बाणा होता. चाळीस वर्षं त्यांनी तो पाळला. मोडला फक्त एकदा, तो घरात.

घरात म्हणजे मुंगीच्या बाबतीत. मुंगी ही त्यांची एकुलती एक मुलगी. चणीनं एवढीशी आणि दिवसभर काही ना काही इकडून तिकडे वाहून नेणारी, म्हणून मुंगी. आठव्या वर्षी तिनं व्हायोलिन शिकायचं ठरवलं. का, ते कुणालाच कळलं नाही. घरात सात पिढ्यांत कुणी शीळसुद्धा सुरात घातली नव्हती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक बाई मुलांना शिकवायच्या. दर शनिवारी दुपारी, बारा मुलं एकत्र. खाली वाचणाऱ्यांची तक्रार नको म्हणून दाराला आतून जाड कापड ठोकलेलं, आणि दाराच्या मधोमध वीतभर काच. मुंगीला तिथं न्यायचं-आणायचं काम तिच्या आईचं. आई औषधांच्या दुकानात कामाला होती. तिची शनिवारची पाळी बदलली आणि दोन आठवडे ते काम चष्मेवाल्यांवर आलं.

पहिल्या शनिवारी मुलीला आत सोडून ते निघाले, पण जिन्यावरून मागे वळले. बापाचा जीव, दुसरं काय. काचेला नाक लावून पाहतात तर समोर बाई हनुवटीखाली व्हायोलिन धरून उभ्या, बारा मुलं दोन रांगांत बसलेली, अकरा गज तारांवर चाललेले आणि मागच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर मुंगी. तिचाही गज चालला होता, पण तारेच्या बोटभर वर. हवेत. सगळ्यांबरोबर गज पुढे, सगळ्यांबरोबर मागे, आणि तारेला स्पर्श म्हणून नाही. मान थोडी तिरकी, डोळे भलतीकडेच. दहा मिनिटं ते पाहत राहिले. मग दुकान उघडायची वेळ झाली म्हणून गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्दीत लपून पोरगी वाजवण्याचं सोंग करते, आणि बाईंना त्याचा पत्ताच नाही! बारा पोरांत एक वाजवत नसलं तर कळणार कसं? संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, "क्लास बंद. आपल्याकडे मास्तर येतील. एका मुलीला एक मास्तर. प्रत्येक डोळ्याला वेगळा नंबर असतो आणि बारा पोरांना एकच काच लावायची म्हणजे काय?"

"तिला विचारा तरी," आई म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? हातच्या कांकणाला आरसा कशाला? खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर असतं. कानांनी ऐकलेलं खोटं असेल, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

ही म्हण त्यांची फार लाडकी होती. कान आणि डोळा यांच्यात चार बोटं, आणि डोळा वरचढ. डोळ्यांवर पोट असलेल्या माणसाला ती आवडणारच.

मुंगी दारात उभी राहून ऐकत होती. "बाबा, मला तिथंच जायचंय," ती म्हणाली.

"का?"

"मला तिथं काम आहे."

चष्मेवाले खो खो हसले. "आठ वर्षांच्या पोरीला कसलं आलंय गं काम?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आईकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि आत निघून गेली. ते मिटलेलं तोंड चष्मेवाल्यांनी पाहिलं होतं बरं का. पोरीची चोरी पकडली गेली, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. बाईंना त्यांनी ना निरोप दिला, ना चिठ्ठी. उगाच वाद कशाला, म्हणून पुढच्या शनिवारपासून मुलीला पाठवलंच नाही.

मास्तर चांगले होते, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा यायचे, दुकानाच्या मागच्या खोलीत दोन समोरासमोर खुर्च्या मांडून तासभर शिकवायचे. मुंगीचा हात वर्षभरात असा बसला की बाजूच्या दुकानातला टेलर मशीन थांबवून ऐकायचा. चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवता चढवता त्याच्याकडे बघून भुवया उडवायचे, म्हणजे बघा, म्हटलं होतं ना.

मास्तरांची तक्रार एकच होती. "मध्येच थांबते हो. चांगलं वाजवत असते आणि गज उचलते, मान तिरकी करून ऐकत बसते. खोलीत तर आम्ही दोघंच! काय ऐकते कोण जाणे."

"लक्ष नाही," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही जरा दाबात ठेवा."

मास्तरांनी दाबात ठेवलं आणि थांबणं थांबलं. मुंगी तेराव्या वर्षी परीक्षेला बसली आणि पहिली आली. त्या संध्याकाळी तिनं गज सैल केला, व्हायोलिन पुसलं, पेटीत घातलं आणि स्टुलावर चढून पेटी कपाटावर ठेवली. "झाली ना बाबा परीक्षा?" असं म्हणाली आणि हात झटकले. रुसवा नाही, रडणं नाही. चष्मेवाल्यांना वाटलं, आठ दिवसांचा कंटाळा असेल. मग महिना गेला, वर्ष गेलं. त्यांनी एकदोनदा पेटी खाली काढून तिच्या टेबलावर ठेवून पाहिली. ती काही न बोलता पुन्हा वर गेलेली असायची. पुढे मुंगी शिकली, दुसऱ्या गावी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायला लागली. तिचं सगळं बरं चाललं होतं. पण एवढा तयार हात, पोरीनं सोडलं का? हे कोडं चष्मेवाल्यांना चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. नाना तर्क केले. मास्तर कडक होते, वय अडनिडं होतं, आजकालच्या मुलांना चिकाटीच नाही. सगळे नंबर लावून पाहिले, एकानंही नीट दिसलं नाही.

आणि परवा सकाळी दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्या.

"माझी एक विचित्र अडचण आहे," त्या म्हणाल्या. "या चष्म्यानं पुस्तक दिसतं, त्या चष्म्यानं रस्ता दिसतो, पण मधलं काहीच दिसत नाही. मला स्टँडवर ठेवलेला कागद वाचायचा असतो."

"किती लांब असतो कागद?" चष्मेवाल्यांनी टेप काढली.

"थांबा, दाखवते." बाईंनी डावा हात खांद्यापासून लांब केला, हनुवटी टेकवली आणि उजव्या हातानं हवेत गज धरला.

चष्मेवाल्यांच्या हातात टेप तशीच राहिली. चेहरा सुरकुतला होता, पण ही हनुवटी त्यांनी वीतभर काचेतून पाहिलेली होती.

माणसाची खोड बघा, तेवीस वर्षांनीसुद्धा त्यांना आधी आठवली ती तक्रारच. अंतर मोजता मोजता ते हसत म्हणाले, "माझी मुलगी होती हो तुमच्याकडे. मागच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर. तुमच्या लक्षात यायचं नाही, पण ती वाजवायचीच नाही. नुसता हवेत गज फिरवायची."

बाईंनी हात खाली घेतला. "मुंगी?" त्या म्हणाल्या. "मुंगीचे वडील तुम्ही? अहो, तिला मीच तसं सांगितलं होतं!"

चष्मेवाल्यांनी टेप खाली ठेवली.

"पहिली पंधरा मिनिटं. बाकीची अकरा वाजवायची आणि ही ऐकायची. कुणाची तार उतरलीय, कोण बेसूर जातंय, ते अचूक ओळखायची. माझ्याकडे बघायची आणि त्या मुलाच्या दिशेला मान करायची. मग मी जाऊन त्याची तार लावायची. मुलांना कळलं असतं तर तिला चहाडखोर म्हणाली असती, म्हणून गज हवेत. 'कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही, हे तुझं-माझं काम,' असं सांगून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांत असा कान मला दुसरा मिळाला नाही. पुढच्या वर्षी तिला पहिल्या खुर्चीवर घेणार होते, बाकीच्यांनी तिच्यामागे वाजवायचं." "आणि एका शनिवारी ती आलीच नाही. मला वाटलं, तुमची बदली झाली असेल."

"मला तिथं काम आहे." चष्मेवाल्यांच्या कानात ते वाक्य स्वच्छ वाजलं. आठ वर्षांच्या पोरीनं बाईंना दिलेला शब्द बापासमोरही मोडला नाही, आणि बाप खो खो हसला. ती मान तिरकी करून ऐकायची ते बाकीचे अकरा जण होते. त्या मागच्या खोलीत ते येणार कुठून?

त्यांनी बाईंचा नंबर काढला. एकेक काच घातली, काढली, "हे बरं, की हे?" असं नेहमीसारखं विचारलं. "गुरुवारी तयार होईल," ते म्हणाले. बाई दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "तुम्ही एकदा दार उघडून आत यायचं होतं हो." त्यात राग नव्हता, आणि तेच चष्मेवाल्यांना सहन झालं नाही.

दुपारी घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "मी म्हटलं होतं" असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"बाबा? या वेळी कसा फोन? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मुंगे, तुझ्या व्हायोलिनच्या बाई आल्या होत्या दुकानात."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"त्यांनी सांगितलं मला. तुझं काम." "तू बोलली का नाहीस गं?"

"बाईंनी सांगू नको म्हटलं होतं."

"मला तरी सांगायचंस!"

"तुम्ही विचारलं कुठं, बाबा? तुम्ही हसलात."

"चुकलो मी," चष्मेवाले म्हणाले. "फार चुकलो. तुझं सोनं होतं, मी माती केली."

"जाऊ दे आता. झाली त्याला किती वर्षं." तिचा आवाज समजूतदार होता, गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच" म्हणतं तसा. मग तिनं विचारलं, "बाई शिकवतात अजून?"

"हो. तेवढ्यासाठी तर चष्मा करून घेतायत."

"अजून सगळ्या मुलांना एकत्रच?"

बाई तासभर समोर बसल्या होत्या. चष्मेवाल्यांनी त्यांना दूरचं विचारलं होतं, जवळचं विचारलं होतं, कागद किती इंचांवर असतो ते विचारलं होतं.

"आणि मागच्या खुर्चीवर कोण बसतं आता?" मुंगीनं विचारलं. ती आता घाईघाईनं बोलत होती, लहानपणी बोलायची तशी. "म्हणजे ते काम कुणी करतं का? की माझ्यानंतर तसंच राहिलं?"

"ते... ते मी विचारलं नाही गं," चष्मेवाले म्हणाले.

"हं," मुंगी म्हणाली. "वाटलंच मला."